गाडी नवी, गुडघे जुने

गेल्या दिवाळीत मी मोटारसायकल बदलली. बदलली म्हणजे वेगळी घेतली असे मात्र नव्हे. रॉयल एनफिल्डची हिमालयन माझ्याकडे २०२० पासून होती. तिच्या जागी त्याच नावाची नवी हिमालयन आली. जुनीचे इंजिन ४११ सीसीचे, नवीचे ४५२ सीसीचे. ही वार्ता गावात पसरायला एक दिवस पुरला, आणि पुढचे पंधरा दिवस रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधलेला असतानाच रुग्ण मला विचारू लागले, "डॉक्टर, या वयात?"

माझे वय ५६ आहे. तेव्हा हा प्रश्न गैर नाही. उलट तो मला फार चांगला वाटला, कारण तोच प्रश्न वर्षानुवर्षे मी इतरांच्या बाबतीत ऐकत आलो आहे. विचारणारा बहुधा मुलगा किंवा सून असते. "बाबांना अजून स्कूटर चालवू द्यावी का?" आणि वडील शेजारच्या खुर्चीत, जणू आपल्याबद्दल बोलणे चाललेच नाही अशा मुद्रेने, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसलेले असतात. ४० वर्षांवरील माणसाला वाहनपरवान्यासाठी जो नमुना १-अ लागतो, त्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर सही आमच्यासारख्या डॉक्टरांची असते. त्यामुळे हा प्रश्न टाळताही येत नाही. या वेळी तो मला स्वतःलाच विचारायचा होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोनशे किलोची मोटारसायकल नसेल, साधी स्कूटरच असेल. परंतु यंत्र आणि शरीर यांचे जुळते की नाही, हे पाहण्याची रीत दोन्हींना एकच आहे, म्हणून हे लिहितो आहे.

प्रथम गाडीविषयी. कागदावर पाहिले तर नवी गाडी जुनीपेक्षा तीन किलोने हलकी आहे: पूर्वीची १९९ किलोची, ही १९६ किलोची. शक्ती मात्र सुमारे २४ अश्वशक्तीवरून ४० वर गेली. गिअर पाचाचे सहा झाले. सीटची जमिनीपासूनची उंची ८०० मिलिमीटर होती, ती ८२५ झाली. जुन्या गाडीवर काट्यांच्या तबकड्या होत्या आणि एका कोपऱ्यात चिमुकले होकायंत्र होते. नवीवर एकच गोल रंगीत पडदा आहे, त्यावर नकाशासुद्धा दिसतो. तरुण मुले यातील पहिला आकडा पाहतात तो अश्वशक्तीचा. मी पाहिला तो सीटच्या उंचीचा.

पंचवीस मिलिमीटर म्हणजे फार तर दीड बोट. पण चढावर, खडीवर किंवा रस्त्याच्या कडेला खड्डा असताना गाडी थांबते, तेव्हा जमिनीवर पूर्ण पाऊल टेकते की नुसती बोटे टेकतात, यावर सारे अवलंबून असते. जवळजवळ दोनशे किलोचे वजन थोडेसे कलले तर पाय सावरतो. एका मर्यादेपलीकडे कलले की कोणीच सावरू शकत नाही. ती मर्यादा वयानुसार अलीकडे सरकत येते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाची उंची साधारण एक सेंटीमीटरने घटते, हे खरे आहे. परंतु ती घट पाठीच्या कण्यातील असते, पाय आखूड होत नाहीत. घटते ते मांड्यांचे बळ आणि तोल सावरण्याची चपळाई. म्हणून दुकानात मी प्रवासाचे जाड तळव्याचे बूट घालून गेलो, गाडीवर बसून ती दोन्ही बाजूंना कलवून पाहिली आणि मग ८०५ मिलिमीटरवर बसवता येणारी कमी उंचीची सीट मागून घेतली. विक्रेत्या मुलाने "सर, तुम्हाला त्याची गरज नाही" असे सौजन्याने सांगितले. गरज आहे की नाही हे त्याला कसे कळणार? ते मी घरी आधीच मोजून आलो होतो.

ते मोजमाप आपणही करू शकता. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीवर घडी घालून बसावे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाला चौदापेक्षा कमी आणि स्त्रीला बारापेक्षा कमी वेळा जमले, तर पायांचे बळ सरासरीहून कमी समजतात; सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात हेच आकडे बारा आणि दहा असे आहेत. दुसरी चाचणी तोलाची. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना चिकटवून, एका रेषेत, दहा सेकंद उभे राहावे. दोन्ही वेळा शेजारी घरातले कोणी उभे असावे. चाचणी करताना पडण्यात काही अर्थ नाही. ज्यांना हे दहा सेकंद जमत नाहीत, त्यांना चालतानाही पडण्याचा धोका अधिक असतो, मग दोन चाकांवरचा विचारच नको. परंतु याच चाचण्यांची दुसरी बाजू अशी, की खुर्चीवरून उठण्याचाच व्यायाम रोज केला तर काही आठवड्यांत आकडा सुधारतो. माझा सुधारला. गाडी आवडीची असेल तर व्यायामाला मन तयार होते, हा माझा अनुभव. नुसते "गुडघे सांभाळा" म्हटल्याने ते होत नाही.

आता हातांकडे वळू. नव्या गाडीचा क्लच अशा रचनेचा आहे की तो दाबायला जोर कमी लागतो. घाटात मालट्रकच्या मागे रखडताना, शंभर वेळा क्लच दाबावा लागतो तेव्हा, अंगठ्याच्या मुळाशी ज्यांना दुखते त्यांनाच याचे मोल कळेल. संधिवात, बोट अडकून खटकन सुटणे, रात्री हाताला मुंग्या येणे, या तक्रारी पन्नाशीनंतर फार आढळतात. मधुमेह असेल तर एक साधी खूण सांगतो. नमस्कार करताना दोन्ही तळवे आणि बोटे पूर्णपणे एकमेकांना टेकतात का, ते पाहावे. मधल्या सांध्यांपाशी फट राहत असेल तर मधुमेहाने हातांचे सांधे ताठरले असण्याची शक्यता आहे. देवघरात रोज नमस्कार करूनही हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पायांचीही अशीच एक खूण आहे: चालता चालता चप्पल निसटून मागे राहिली आणि ती कळलीच नाही, असे कधी घडले आहे का? घडले असेल तर तळपायाची संवेदना कमी झाली आहे. मागचा ब्रेक पायाने दाबावा लागणाऱ्या गाडीवर अशा माणसाने बसू नये. त्याला आपण ब्रेकवर पाय ठेवला आहे की पायठेवीवर, हेच उमगणार नाही. दोन्ही ब्रेक हाताने दाबायची बिनगिअरची स्कूटर त्याला कदाचित चालेल. पण त्या पायांची तपासणी आधी करून घ्यावी.

तीच गाडी, नवे मॉडेल, यात एक फसगत दडलेली असते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. गाडी पूर्ण वेगळी असती तर आपण सावधपणे शिकलो असतो. नाव तेच, बसण्याची ढब तीच, पुढचे एकवीस इंची चाक तेच. मग हातांना वाटते, आपल्याला सारे ठाऊक आहे. हाता-पायांत मुरलेल्या सवयी म्हातारपणीसुद्धा चांगल्या टिकतात. त्यांच्या जागी नव्या बसवायला मात्र वेळ अधिक लागतो. जुन्या गाडीला जितकी रेस दिली की ती शांतपणे चढ चढायची, तितकीच दिली असता नवी झेपावते. नव्या इंजिनाला सुरुवातीचे काहीशे किलोमीटर हळू चालवण्याची शिस्त असते. ती शिस्त मी स्वतःलाही लावून घेतली. पहिला महिना केवळ सकाळी, ओळखीच्या सपाट रस्त्यावर, एकट्याने. घाट त्यानंतर. बायपासवरून कराडकडे, तेथून कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, हा माझा आवडता रस्ता. तो मी दोन महिने राखून ठेवला. घरी नवा मिक्सर किंवा नवा मोबाईल आला, तोही "जुन्यासारखाच आहे" म्हणून दिला, तरी आजी-आजोबा गोंधळतात, त्यामागे हेच कारण असते. त्यांना वेंधळे म्हणू नये. जुनी सवय विसरणे हेच कष्टाचे काम आहे.

डोळ्यांविषयी नमुना १-अ मध्ये एक नेमका प्रश्न आहे: चांगल्या उजेडात पंचवीस मीटर अंतरावरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते का? सही करण्यापूर्वी मी अर्जदाराला दवाखान्याच्या दारात उभे करून समोरच्या गल्लीतील गाडीची पाटी वाचायला लावतो. काहींना याचा राग येतो. परंतु ही परीक्षा दिवसाची आहे, आणि खरी अडचण दिवेलागणीनंतरची असते. वयानुसार बाहुली लहान राहते, डोळ्यातील भिंग पिवळसर होते, मोतीबिंदूच्या सुरुवातीला समोरच्या दिव्याभोवती प्रकाशाची प्रभावळ दिसते, आणि झगमगाट गेल्यावर डोळे पूर्ववत व्हायला तरुणपणापेक्षा अधिक वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. प्रतिक्रियेला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच आठ मीटर रस्ता संपलेला असतो. आठ मीटर म्हणजे एक बैलगाडी आणि वर थोडे. नव्या गाडीचा दिवा लख्ख आहे, पण समोरून येणाऱ्याचाही तसाच लख्ख असतो. म्हणून सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, हा नियम मी पन्नाशीतच केला. त्या रंगीत पडद्याचेही असेच. चाळिशीच्या चष्म्याशिवाय जवळचे बारीक अक्षर दिसत नाही आणि त्या चष्म्याने दूरचा रस्ता पुसट होतो. वेगाचा आकडा तेवढा मोठा दिसेल अशी पडद्याची मांडणी करून घेतली. नकाशा पाहायचा तर गाडी उभी करूनच.

औषधांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे घरच्यांचे लक्ष हमखास कमी पडते. सर्दीच्या साध्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असते. त्याने गुंगी येते आणि म्हाताऱ्या माणसात ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळू शकते. झोपेसाठी अल्प्राझोलाम घेणाऱ्यांनी सकाळी लवकर गाडीला हात लावू नये. प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅमसुलोसिनने उभे राहताच रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. लघवीला वारंवार थांबावे लागेल म्हणून पाणीच न पिणे, ही आपल्याकडची सार्वत्रिक खोड. उन्हात, वाऱ्यात तीन तास गाडी चालवणाऱ्या साठीच्या माणसाला ती भोवते. थांबावे, त्यात लाज कसली?

मधुमेही वाचकांनी हे नीट वाचावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि नाश्ता लांबला, तर साखर उतरते. हात कापतात, छाती धडधडते, घाम सुटतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू असेल तर थरथर आणि धडधड ही दोन्ही लक्षणे झाकली जातात, उरतो केवळ घाम; आणि हेल्मेट व जाड जाकिटात घाम तर एरवीही येतोच. म्हणजे धोक्याची शेवटची घंटाही ऐकू येत नाही. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरने साखर पाहावी. ती ९० पेक्षा कमी असेल तर आधी खावे. वाटेत साखर उतरलीच तर गाडी बाजूला घेऊन साखर किंवा ग्लुकोज खावे, आणि बरे वाटल्यानंतरही पाऊण तास गाडी चालवू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तशी चिठ्ठी खिशात ठेवावी. अशा माणसाचे डोके आपटले, तर वरून काही लागलेले दिसत नसले आणि तो "मी ठीक आहे" म्हणत असला, तरी त्याला रुग्णालयात न्यावे.

गाडीच्या मागच्या सीटचा विचार नवी गाडी घेताना कोणी करत नाही. आपल्याकडे सत्तरीपुढची बहुतेक माणसे दुचाकीवर बसतात ती मागेच, मुलाच्या नाहीतर नातवाच्या, बहुधा दवाखान्यात येण्यासाठी. माझ्या आईचे वय ८१ आहे. जुन्या हिमालयनवर ती कधी बसली नाही, नव्यावर बसण्याचा प्रश्नच येत नाही; पाय टाकायलाच स्टूल लागेल. तिच्यासाठी रिक्षा. गाडी कितीही चांगली असली तरी उंच सीटवरून उतरताना लुगड्यात पाय अडकून पडलेल्या आणि खुब्याचे हाड मोडलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत. पुढच्याने दोन्ही पाय टेकून गाडी स्थिर केल्याशिवाय मागच्याने हलू नये. पदर आणि ओढणी चाकापासून दूर खोचलेली असावी. मागच्यालाही हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. "जवळच तर जायचे आहे" ही सबब डोक्याच्या कवटीला समजत नाही.

आता किल्ली काढून घेण्याविषयी. एक निवृत्त शिक्षक, वय ७४, माझे जुने रुग्ण. पुण्याहून आलेल्या मुलाने त्यांची गिअरची स्कूटर विकून टाकली; हेतू चांगलाच होता. सहा महिन्यांनी गुरुजी माझ्याकडे आले ते वजन घटले म्हणून. तपासण्या सगळ्या ठीक. बोलता बोलता कळले की वाचनालय बंद, भजनी मंडळ बंद, बाजारात जायचे तर शेजाऱ्याची मनधरणी. वाहन सोडावे लागलेल्या वृद्धांमध्ये नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, हे अभ्यासांतही दिसले आहे. आम्ही त्यांना नीट तपासले. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, त्याची शस्त्रक्रिया झाली. गोळी आणि नाश्ता यांची वेळ बसवली. खुर्चीचा व्यायाम सुरू केला. मग बिनगिअरची हलकी स्कूटर आली, गावापुरती आणि उजेडापुरती. मुलाला हे पटवायला मला दोन फोन करावे लागले. गुरुजींना पटवायला एकही नाही.

याउलट दुसरे एक गृहस्थ, वय त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी कमी. पायांत बळ भरपूर, डोळे उत्तम. पण चाळीस वर्षे ज्या रस्त्याने गेले त्याच रस्त्यावर ते वाट चुकले आणि दोन तासांनी भलत्याच गावात सापडले. त्यांची किल्ली मी त्याच दिवशी काढून घ्यायला सांगितली. अकारण शुद्ध हरपणे, फिट येणे, ओळखीच्या रस्त्यावर हरवणे, यांवर कोणतेही नवे मॉडेल उपयोगाचे नाही. एबीएस चाक घसरू देत नाही. पण कोठे वळायचे ते त्याला कसे ठाऊक असणार? येथे घरच्यांनी भीड ठेवू नये, आणि डॉक्टरांनीही नाही. मात्र ज्या दिवशी किल्ली घेतली, त्याच दिवशी त्या माणसाला वाचनालयात, देवळात, मित्राकडे कोण नेणार हेही ठरवावे. त्या गृहस्थांच्या सुनेने ओळखीचा रिक्षावाला महिन्याच्या हिशेबाने लावून दिला. असा शहाणपणा थोड्याच घरांत दिसतो.

आमच्या घरी नव्या गाडीचे पैसे भरण्यापूर्वी एक कागद तयार झाला. मी गाडी केव्हा सोडायची, ते त्यावर लिहिले आहे: पाटी वाचता आली नाही तर, खुर्चीचा आकडा सलग दोन महिने खाली राहिला तर, उभी गाडी वर्षात दोनदा हातून पडली तर. चौथे कलम पत्नीने स्वतःच्या अक्षरात घातले: "मी थांबा म्हटले तर, कारण न विचारता." त्यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी "कारण न विचारता" हे शब्द राहिले, आणि त्याबदल्यात सूर्यास्ताची वेळ उन्हाळ्यात अर्धा तास पुढे ढकलून मिळाली. कागद औषधांच्या खणात असतो. माझा परवाना साठाव्या वर्षापर्यंतचा आहे. तेव्हाच्या नमुना १-अ साठी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहे, आणि तेही मला दारात उभे करून समोरची पाटी वाचायला लावतील अशा डॉक्टरांकडे.